एका केसाची रेघ

"रंग कसा का असेना. हाताला लागता कामा नये, एवढंच बघा," तो माणूस म्हणाला आणि माझ्या नाकाला मिरची झोंबली.

कारण रंग माझा होता. अब्बांचं काम जोडायचं, माझं काम लपवायचं. मिरजेत आमच्या गल्लीत तंबोरे करणारी बरीच घरं. पण एखाद्या भोपळ्याला तडा गेला आणि तो गिऱ्हाइकाला दिसायला नको असला, की बाकीचे कारागीर गुपचूप आमच्या दारात येत. अब्बा सरस भरून तडा मिटवत आणि मी वर रंग देऊन तो कधी नव्हताच असं करून टाकत असे. फारच मोठा असला तर वर कोरलेलं पान बसवायचं. तंबोऱ्याला पानं असतातच, एखादं जास्त झालं तर कोण मोजतंय. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी येऊन सहा वर्षं झाली होती आणि मिरवायला माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती, की जैबुननं लपवलेला तडा कुणाला सापडत नाही. घरात आमची बोली वेगळी, पण तुम्हाला सगळं मराठीतच सांगते.

मे महिन्यातला मंगळवार होता. उन्हानं गल्ली ओस पडली होती. तो माणूस चादरीत गुंडाळलेली गिटार दोन्ही हातांवर आडवी धरून उंबऱ्यापाशी उभा. चाळिशीचा असेल. शांतवन भिंगारदिवे, मिशनच्या शाळेत मास्तर, असं त्यानं सांगितलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, पण चादरीवर थेंब पडू नये म्हणून मान मागे धरून बोलत होता.

"मास्तर, आम्ही तंबोरेवाले," अब्बा म्हणाले. "हे आमच्या हातचं काम नाही. पुण्याला न्या."

"पुण्याहूनच आलीय. शनिवारी मला परत हवी. तेवढ्यात पुणं होणार नाही."

अब्बांनी चादर सोडली. पुढची फळी फिकट लाकडाची, तिच्या मधोमध गोल तोंड आणि त्या तोंडापासून खालच्या कडेपर्यंत दोन उभ्या चिरा. एकीत नख जाईल एवढी फट होती.

"पडली काय?"

"पडली," मास्तर पटकन म्हणाला.

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"धाकट्या भावाची. अबनेरची. तो जहाजावर नोकरीला आहे. जाताना मित्राकडे ठेवून गेला आणि मित्राच्या हातून पडली." मग म्हणाला, "शनिवारी त्याचा वाढदिवस आहे. आईनं हट्ट धरलाय. तो नाही तर नाही, त्याची गिटार तरी घरी आण म्हणते."

"मग पडली म्हणून सांगून टाका की. लाकूड आहे, फुटतं."

"आईचं काळीज कमजोर आहे, बाई. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसला तर हातात काही राहायचं नाही. तिला चीर लागली तर ती विचारणार. कशी पडली, कधी पडली, कुठं पडली. आणि तिनं विचारलं की मला खोटं बोलता येत नाही."

"गिटार फुटल्याचा एवढा धक्का?"

अब्बांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मग गिटार उलटी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. गोल तोंडातून चटईवर बारीक खडी पडली, डांबर लागलेली. जरा लाल माती आणि लाल काचेची एक कपची. मी झाडू घ्यायला वळले, तोवर मास्तर गुडघ्यांवर बसून एकेक खडा वेचायला लागला होता. सगळं रुमालात ठेवून त्यानं गाठ मारली आणि रुमाल खिशात घातला. घरात हातून पडलेल्या गिटारीत डांबराची खडी कुठून आली, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माझं डोकं रंगाच्या अपमानात अडकलं होतं.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात तीनचे ठोके पडले आणि तंबोरे वाजले.

वाजले म्हणजे कसे, ते सांगते. आमच्या भिंतीला तारा चढवलेले सात-आठ तंबोरे कायम टांगलेले असायचे. एकाच्या तारेला धक्का लागला की बाकीचे आपोआप गुंजतात. कुणी शिंकलं तरी गुंजतात. तेव्हा मात्र कुणी हललंसुद्धा नव्हतं, वारा नव्हता. तरी सगळे एकदम गुंजले, अगदी हळू, तोंड मिटून कुणी हुंकार द्यावा तसे. मास्तरनं वर बघितलं.

"घड्याळाच्या ठोक्यानं होतं," अब्बा म्हणाले.

ते घड्याळ तिथं पंधरा वर्षं होतं. त्याच्या ठोक्यानं आधी कधी झालं नव्हतं.

चीर बुजवायची म्हणजे आधी लाकडाला पाणी पाजावं लागतं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, चिरेचे दोन ओठ लांब जातात. अब्बांनी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला स्पंज घातला, डबी गिटारीच्या पोटात सोडली आणि तोंडावर फडकं बांधलं. बुधवारी दुपारपर्यंत ओठ मिळाले. मग सरस तापवून, बोटानं चोळून चोळून चिरेत जिरवला आणि कडेला पाचरी मारून गिटार सुतळीनं आवळून ठेवली. मी बाजूला बसून एका तंबोऱ्याच्या पानांना रंग देत होते. तीन वाजले. गिटारीतून टक् असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा, आणि पाठोपाठ तंबोरे गुंजले. आदल्या दिवशीपेक्षा जरा मोठ्यानं.

मी अब्बांकडे बघितलं.

"लाकूड आहे. आकसताना बोलतं," ते म्हणाले, पण हातातला सरसाचा ब्रश त्यांनी खाली ठेवला होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी पाचरी काढल्या. गोल तोंडातून हात घालून चिरेच्या आतल्या बाजूनं लाकडाची बारीक ठिगळं आडवी चिकटवली. वरचा सरस खरवडला, त्याच लाकडाचा भुसा लाखेत कालवून उरलीसुरली फट भरली आणि घासून सपाट केली. मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं.

"लागत नाही. झालं काम. मास्तरला निरोप धाड."

"झालं कसं? दिसतंय की."

"त्यांना दिसण्याचं काही नाही म्हणाले."

"पण मला आहे ना."

दिसत होतं हो. दोन काळपट रेघा, काजळ पुसल्यासारख्या. अशी वस्तू आमच्या दारातून बाहेर गेली असती तर मला रात्री झोप लागली नसती. अब्बा हात धुवायला उठले, तशी मी बसलेच. फिकट लाकडाला अंगच्या बारीक उभ्या रेघा असतात. चीर लपवायची तर तिला नुसता रंग फासून भागत नाही. तिच्या आजूबाजूला तशाच खोट्या रेघा काढायच्या, मग डोळा फसतो आणि खरी चीर त्या गर्दीत हरवते. त्यासाठी माझ्याकडे खारीच्या शेपटीचा कुंचला होता, पुढं एकच केस ठेवलेला. आधी सुईनं अगदी हलकी चर पाडायची, म्हणजे रंग पसरत नाही. मग श्वास रोखून केस ओढायचा. अडीच वाजेपर्यंत मी नऊ रेघा काढल्या आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात फिरवला. चिरा गेल्या. माझ्या मलाच सापडेनात.

मी अब्बांना हाक मारणार तोच तीन वाजले. टक्. तंबोरे गुंजले. या वेळी ते बराच वेळ थांबले नाहीत.

गिटारीची चीर पुन्हा उघडली होती. म्हणजे मला तसं वाटलं. जवळ जाऊन बघते तर अब्बांनी जोडलेल्या दोन्ही चिरा शाबूत होत्या. फाटलं होतं त्यांच्या शेजारी, अर्ध्या बोटावर, माझ्या रेघेवर. वरून खालपर्यंत, जिथं मी केस उचलला होता तिथंच येऊन चीर थांबली होती.

अब्बांनी भिंगातून बघितलं.

"सुईनं चर पाडलीस. लाकूड तहानलेलं होतं, तुझी चर धरून फाटलं," ते म्हणाले.

बोलणं खरं होतं, मी मान खाली घातली. पण तीन वाजताच का फाटलं, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही.

शुक्रवारी त्यांनी पहाटेपासून पुन्हा सगळं केलं. स्पंज, सरस, पाचरी, ठिगळं. जुम्याच्या नमाजाला निघताना त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उंबऱ्यात थांबून म्हणाले, "जैबुन, ही गिटार पडलेली नाही."

"मग?"

"पडली असती तर कड फुटली असती, कोपरा चेपला असता. कडा बघ, नव्यासारख्या आहेत. फळी मधोमध दबून फाटलीय. ही कुणाच्यातरी पाठीवर बांधलेली होती आणि तो माणूस पाठीवर पडला, हिच्यावर. रस्त्यावर."

"आणि तो माणूस?"

"तू आता तिला हात लावू नकोस. रंगवूही नकोस. मास्तरला जशी हवी तशी झालीय," एवढं म्हणून ते गेले.

आता दुसरी कुणी असती तर घाबरून आत जाऊन बसली असती. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. पण माझं असं आहे, भीती वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी हट्टाला पेटते. सुईनं फाटलं म्हणता काय, मग सुई नको. मी नुसता कुंचला घेतला. लाकडाला टोचलं नाही, ओरखडलं नाही, केस वरच्या वर फिरवला. तीनच रेघा काढल्या. वर लाखेचा हात दिला, कुंचला धुतला आणि हात मांडीवर ठेवून घड्याळासमोर बसले.

अब्बा परत आले तेव्हा तीनला एक-दोन मिनिटं कमी होती. हातात चपला घेऊन ते दारातच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं, आणि मी काय केलंय ते त्यांना कळलं. बोलायला वेळच नव्हता. घड्याळानं ठोके दिले आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत मधली रेघ वरून उकलत खाली आली. सावकाश. कुणी आतून नखानं उसवावी तशी. मग तंबोरे गुंजले आणि त्या गुंजण्यात पहिल्यांदाच मला असं वाटलं की हे कशाला तरी उत्तर आहे. कशाला ते कळेना, पण प्रश्न विचारल्याशिवाय कुणी असं बोलत नाही.

अब्बांनी चपला खाली ठेवल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी दुवा पुटपुटली आणि सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं.

शनिवारी मास्तर एक वाजता यायचा होता. सकाळी गिटार पुन्हा सपाट झाली होती, हाताला कुठंच काही लागत नव्हतं. आणि त्या पहिल्या चिरेची काळपट रेघ तशीच दिसत होती, उघडी. अब्बा आत चहा प्यायला गेले. मी खरंच ठरवलं होतं, हात लावायचा नाही. पण त्या रेघेकडे बघवेना. एकच. एका केसाची एकच रेघ काढली मी, त्या काळपट डागाच्या वरून, आणि वर लाख फिरवली. किती वेळ लागला असेल, चार मिनिटं. माझ्यासारख्या बाईला हाताच्या खाजेपुढं अक्कल सुचत नाही.

मास्तर आला. मी सहा तारा चढवल्या. त्यानं गिटार मांडीवर घेतली आणि डोळे गच्च मिटून फळीवर बोटं फिरवली, एकदा, दोनदा, तीनदा. उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"लागत नाही," तो म्हणाला. "तुमचे फार उपकार झाले."

"तारांचा ताण पडलाय आता," अब्बा म्हणाले. "तिथं काही झालं तर जागेवर सरस लावायला माणूस पाहिजे. जैबुन येईल बरोबर." आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तीनच्या आत परत ये."

पण टांगा मिळायला वेळ गेला. सरसाचं भांडं फडक्यात गुंडाळून मी मास्तरशेजारी बसले होते. मिशनच्या आवाराच्या फाटकातून टांगा आत शिरला तेव्हा पावणेतीन झाले होते. कडुलिंबाखाली मास्तरांची बैठी घरं एका रांगेत होती. तिसऱ्या घराचं दार उघडं होतं आणि आत वेताच्या खुर्चीत पांढऱ्या लुगड्यातली एक बारीकशी बाई बसली होती.

"आणलीस, शांतवन?" तिनं विचारलं.

तिचे डोळे उघडे होते, पण ते मास्तरकडे नव्हते, माझ्याकडे नव्हते, दाराकडेही नव्हते. दोन्ही बुबुळांवर साय आल्यासारखा पांढरा पडदा होता. मी उंबऱ्यातच थांबले. तीन दिवस मी एका आंधळ्या बाईसाठी रेघा काढत बसले होते. मास्तर पहिल्या दिवसापासून हात, हात म्हणत होता आणि मी त्याला अडाणी समजत होते.

"बरोबर कोण आहे?"

"गिटार साफ करून दिली त्यांच्याकडची बाई आहे, आई. तारा लावायला आलीय."

"ये बाई, बस. मी कृपाबाई." तिनं दोन्ही हात पुढे केले.

मास्तरनं गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी वास घेतला. "स्पिरिट," म्हणाली. मग एक हात गिटारीच्या मानेवर ठेवून दुसऱ्या हाताची बोटं फळीवर फिरवायला लागली. घाई नव्हती. अब्बांनी जोडलेली रुंद चीर जिथं होती त्यावरून बोटं दोनदा गेली आणि थांबली नाहीत. बाप माझा कारागीर खरा, असं मनात आलं. तिसऱ्या वेळी बोट थांबलं. मागं आलं. नखानं हळूच चाचपलं.

"हे काय आहे?"

मास्तरचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी काय केलंय ते माझ्या तोंडावर त्याला दिसलं असणार.

"लाकडाची रेघ आहे, माई," मी म्हटलं. "लाकडाला असतातच."

"असतात. पण त्या आत असतात. ही वर आहे." तिचं बोट तिथून हललं नाही. "अकरा वर्षं दर रविवारी ही मीच पुसायची. तो नुसता वाजवायचा. इथं रेघ नव्हती. काय झालंय हिला, शांतवन?"

"काही नाही, आई. तू दमलीस. औषध घेतेस का?"

"काय झालंय?"

बोलून टाकावं की आणखी एक खोटं रचावं, माझी जीभ दोन्हीकडे जात होती. तेवढ्यात आतल्या खोलीतल्या घड्याळात तीन वाजायला लागले. कृपाबाईंनी दुसऱ्या हाताचं बोट वर करून आम्हाला गप्प केलं. तिसरा ठोका विरला. मग त्या समोरच्या मोकळ्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, मोठ्यानं नाही, ओसरीवरच्या मुलाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात,

"अबनेर. आलास का रे?"

टक्.

त्यांच्या बोटाखाली माझी रेघ उकलली. सहाच्या सहा तारा एकदम गुंजल्या, तोंड मिटून. आणि चार दिवस दुकानात जे ऐकून मला घाम फुटत होता ते काय होतं, हे मला त्या खोलीत कळलं. ती ओ होती. घरातल्या पोराला हाक मारली की आतून देतो तशी, आळसावलेली, लांब ओ.

मास्तर भिंतीला टेकला.

"ऐकलंस?" कृपाबाई म्हणाल्या. "शाळेत होता तेव्हा तीनला घरी यायचा. तेव्हापासून मी तीनला हाक मारते. तो पुण्याला गेला तरी मारायची, सवय. तो जहाजावर गेला असं तू सांगितल्यापासूनही रोज मारली. पाच महिने काही नाही. या मंगळवारपासून ओ देतोय. लांबून, पण देतोय. आज तर मांडीवरून दिली."

"आई, ती लाकडाची…"

"जहाजावरच्या माणसाला माझी हाक ऐकू जाते होय रे? जवळच आहे तो." त्यांचं बोट आता चिरेत होतं, नखापर्यंत. "कुठं ठेवलात त्याला?"

मी सरसाचं भांडं छातीशी धरून उभी होते. बाई आता पडणार, आता डॉक्टरला बोलवायला धावावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ही रेघ मी काढली नसती तर तिचं बोट थांबलं नसतं. माझ्या हातून ही बाई मरणार होती.

मास्तर खाली बसला.

"कराडला," शेवटी तो म्हणाला. "नाताळला येत होता. तुला न सांगता येणार होता, मोटरसायकलवरून. मागून ट्रक आला. तू तेव्हा ऑपरेशनला दवाखान्यात होतीस, आई. डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगू नका. मग नंतर मला… मला सांगताच आलं नाही. तिथल्याच कबरस्तानात ठेवलाय. चर्चचे पाळक होते, चारजण होते. मी होतो."

"आणि पत्रं?"

"मी लिहायचो."

"बरी लिहिलीस. पण प्रत्येक पत्रात आई, आई. तो मला कधी आई म्हणाला होता? कृपाबाई म्हणायचा मेला. चहा टाका, कृपाबाई. पहिलं पत्र वाचलंस तेव्हाच मला खटकलं होतं. म्हटलं, जहाजावर गेल्यावर सुधारला असेल."

त्या पडल्या नाहीत. मास्तरनं खिशातून रुमाल काढला, तोच गाठ मारलेला, आणि त्यांच्या हातात ठेवला. मंगळवारपासून तो खिशातच घेऊन फिरत होता. त्यांनी गाठ सोडली आणि एकेक खडा बोटांनी चाचपला. काचेची कपची अंगठ्यावर घासून बघितली. मग रडल्या. आवाज करून, खुर्चीत पुढेमागे होत, गिटार पोटाशी आवळून. मास्तर त्यांच्या पायांशी बसून रडत होता. मला तिथून जावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

"पाच महिने मला रडू दिलं नाहीस रे," त्या म्हणत होत्या. "पाच महिने."

बऱ्याच वेळानं त्यांनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या दिशेनं वळल्या. मी तिथंच आहे हे त्यांना माहीत होतं.

"बाई, ती रेघ तू काढलीस?"

"हो, माई. मला नको म्हणून सांगितलं होतं. मीच काढली."

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "ही जोडता येईल?"

"येईल."

"मग जोड. पण लपवू नकोस. माझ्या हाताला लागेल असं काहीतरी ठेव तिथं."

गिटार मी परत दुकानात आणली. अब्बा दारातच उभे होते. मी सगळं सांगितलं, सकाळच्या रेघेसकट. त्यांनी शेगडी पेटवली. सरस लावून चीर मिटवली, मग तंबोऱ्याच्या लाकडाची एक कपची घेतली आणि दोन दिवस बसून पान कोरलं. बोटभर लांब, मधली शीर उठून दिसणारी, काठ जरा वर आलेले. आयुष्यभर त्यांनी पानं कोरली ती तडे झाकायला. मी रंगाला हात लावला नाही. फिकट फळीवर ते गडद पान चांगलं दहा हातांवरून दिसत होतं, आणि गल्लीतले दोघेतिघे येऊन हसून गेले की जैबुनला एक चीर लपवता आली नाही. हसू दिलं मी.

ती गिटार पुन्हा कधी फाटली नाही. मास्तर भेटला की मी विचारायची. कृपाबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, त्या कमजोर काळजासकट. दर डिसेंबरात कराडला जायच्या. घरी असल्या की दुपारी गिटार मांडीवर घेऊन पानावर बोट ठेवून बसायच्या. तीनला हाक मारत नव्हत्या, मास्तर म्हणाला. आता त्याला कशाला उठवू, असं म्हणाल्या होत्या.

आमच्या दुकानातही तीनचे ठोके पडायचे आणि तंबोरे गप्प राहायचे. पहिले काही महिने मी काम टाकून ऐकत बसायची. मग सवय गेली.

अब्बांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. तंबोरे अजून भिंतीला आहेत, त्यातले दोन त्यांच्या हातचे. घड्याळ तेच आहे. दुपारी तीनला दुकानात मी एकटीच असते आणि त्यांची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. पण मी अजून एकदाही त्यांना हाक मारलेली नाही.